डाल्सडॉर्फचा पाडलेला सायलो

वॅल्मा नोस्केला कुणी विचारलं, की तुझ्या नवऱ्याचं स्वतःचं विमान आहे म्हणे, मग तू काय करतेस, तर ती म्हणायची, "मी मेंढ्या हाकते." यात विनय वगैरे काही नव्हता. ती खरंच मेंढ्या हाकायची.

नोस्क्यांच्या शेतात गवताचा एक लांब सपाट पट्टा होता, तीच धावपट्टी. विमान उडायचं नसेल तेव्हा मेंढ्या तिथे चरत. तिचा नवरा अल्विन विमानातून घराच्या टप्प्यात आला की शेतावरच्या वायरलेसवर सांगायचा, "वॅल, किटली ठेव." आमच्याकडे हा वायरलेस प्रत्येक गाडीत, प्रत्येक ट्रॅक्टरवर असायचा, आणि अल्विनने एक विमानातही बसवून घेतला होता. ते वाक्य सगळी पंचक्रोशी ऐकायची. वॅल्मा किटली ठेवायची, कुत्र्याला शीळ घालायची आणि पट्टीवरच्या मेंढ्या कुंपणापलीकडे लावायची. फाटकाची कडी लागेपर्यंत वर विमानाचा आवाज आलेला असायचा. सारा संसार तिने असा काढला.

अंगाने उंच, हाडकुळी बाई. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, पण त्याचं कौतुक कुणी केलं की तोंड फिरवायची. बोलायची थोडं, पण बोललं की टोमणा बरोबर लागायचा. अल्विन एकदा जेवताना म्हणाला, मी आता डोळे मिटूनही घरी येऊ शकतो. ती म्हणाली, "तू येशील रे, पण मेंढ्या उघड्या डोळ्यांनी बघत असतात, त्या घाबरतात."

अल्विन काही हौसेखातर उडत नसे. विमेऱ्यातून, म्हणजे आमच्या भागातून, ॲडलेडच्या मोठ्या इस्पितळात गाडीने जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. डोळ्याचं ऑपरेशन झालेली म्हातारी किंवा किरणोपचार घेऊन आलेला माणूस एवढं बसू शकत नाही. मी गावातल्या छोट्या दवाखान्यात नर्स, तेव्हा कुणाला कधी न्यायचं हे बहुतेक वेळा मीच अल्विनला सांगायचे. तो कधीही नाही म्हणाला नाही. पैसे घेत नसे. लोक वॅल्माच्या मागच्या दाराशी अंडी, शेपू घालून मुरवलेल्या काकड्या, बिहीफळाचा मुरंबा असं काहीबाही ठेवून जात, आणि कुणी ठेवलं ते तिला बरणीच्या झाकणावरून कळायचं.

आमच्या भागात रस्ता सांगायची एक तऱ्हा आहे. जे आता नाही त्यावरून रस्ता सांगतात. शाळा होती तिथून डावीकडे, श्मिटांचं घर जळलं तिथे उजवीकडे. मी नवीन असताना एका आजाऱ्याकडे निघाले होते, आणि मला 'मोठ्या निलगिरीच्या झाडापाशी वळ' असं सांगितलं होतं. झाड काही सापडेना. शेवटी एका घराशी थांबून विचारलं, ते घर वॅल्माचं. ती म्हणाली, "सिस्टर, ते झाड माझ्या लग्नाच्या वर्षी पडलं. पण सगळे तिथेच वळतात. चला, दाखवते." आमची ओळख झाली ती अशी.

अल्विनही हवेतून अशाच खुणांवर यायचा. त्या वेळी खिशातल्या फोनवर नकाशे नव्हते. ॲडलेडकडून येणारा रेल्वेचा रूळ धरायचा, आणि रुळाकाठी जे सायलो, म्हणजे गव्हाची सिमेंटची उंच गोल कोठारं, ते मोजत यायचं. नलाविन, डाल्सडॉर्फ, गेरप. तिसरा गेरपचा आला की रूळ सोडून उजवीकडे वळायचं आणि सरळ घर. होकायंत्र होतं, नकाशाही होता, पण तुमच्या आमच्या गल्लीत कोण नकाशा काढून चालतं?

डाल्सडॉर्फचा सायलो आदल्या हिवाळ्यात पाडला. तिथे आगगाडी थांबायची बंद झाली होती, भिंतीला तडे गेले होते. पाडायच्या दिवशी सगळा भाग जमला, जणू कुणाची मयत. कुणीतरी शेगडी मांडली, पावात सॉसेज घालून सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ले. अल्विनही होता. सायलो गुडघे टेकल्यासारखा खाली बसला तेव्हा त्याने टोपी काढली होती, मी बघितलं होतं.

पुढच्या शरदातली गोष्ट. तिकडे शरद म्हणजे एप्रिल. सुगीचे आभार मानायचा रविवार दुसऱ्या दिवशी होता. हे सगळे मूळचे जर्मन शेतकरी, लूथरच्या पंथाचे, आणि नाताळाइतकाच हा रविवार त्यांना मोठा. शनिवारी सकाळी आम्ही बायका चर्च सजवत होतो. वेदीपाशी भोपळे, जवाची पेंढी, मसुरीची परडी, लोकरीचा एक गठ्ठा, गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव. मी त्यांच्या पंथाची नव्हे, पण धान्यापुढे हात जोडायला पंथ लागत नाही, म्हणून दरवर्षी जायचे. वॅल्मा ऑर्गनवर दुसऱ्या दिवशीची गाणी वाजवून बघत होती.

अल्विन थोरा लेमानबाईंना आणायला ॲडलेडला गेला होता. त्या ऐंशीच्या घरातल्या, डोळ्याचं ऑपरेशन होऊन एका डोळ्यावर पट्टी. डॉक्टरांनी आणखी थोडं थांबा म्हटलं होतं, पण सुगीच्या रविवारी माझ्या बाकावर मी नसले असं कधी झालं नाही, असं त्यांनी अल्विनला फोनवर सांगितलं. अल्विन हळवा. हवामानवाले म्हणाले, दुपारपर्यंत धुकं उठेल. तो निघाला.

धुकं उठलं नाही. त्यात सगळीकडे धसकटं जाळायचा मोसम, धूर धुक्यात मिसळून बसलेला. चर्चच्या दारातून समोरचं दफनभूमीचं फाटक दिसत नव्हतं. वॅल्माने अधूनमधून वाजवणं थांबवून बाहेर कानोसा घेतला. तिची गाडी दारातच होती, वायरलेस चालू, खिडकी उघडी.

मग अल्विनचा आवाज आला. "वॅल, किटली ठेव. गेरप मागे टाकलं. खाली सगळा कापूस आहे, सायलोंची नुसती डोकी दिसतायत, पण मोजून आलोय."

शेत चर्चला लागूनच. वॅल्मा गेली. मीही मागोमाग गेले, कारण थोराबाईंना उतरवून घ्यायचं होतं. मेंढ्या हटल्या, फाटकाची कडी लागली. आम्ही उभ्या राहिलो. आवाज नाही. वॅल्माने कुत्र्याला बस म्हटलं, कुत्रा बसला, तरी आवाज नाही. ती वळली आणि चर्चकडे चालू लागली, मग तिची पावलं भरभर पडायला लागली. उंच बाई धावताना बघवत नाही.

गाडीत वाकून तिने बोलायचं बटण दाबलं. "अल्विन, कुठे आहेस?"

"घराच्या वाटेवर. कुठे असणार?"

"मला तुझा आवाज येत नाही."

"धुक्यात अडकत असेल."

"शेजाऱ्यांच्या गाईंचा येतोय, अल्विन. तुझाच कसा अडकेल?"

त्यावर तो जरा वैतागला. म्हणाला, ढग खाली उतरलाय, एका फटीतून खाली आलोय, पट्टी शोधतोय, आता उगाच बोलू नकोस. तेव्हा वॅल्माने त्याच्याशी बोलणं सोडलं आणि सगळ्या पंचक्रोशीला विचारलं. ती म्हणाली, वॅल्मा नोस्के बोलतेय, ज्याच्या डोक्यावरून आत्ता विमान गेलं त्याने सांगा, बाकी कुणी बोलू नका.

आत बायकांनी हातातलं तसंच ठेवलं आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या कडेवर भोपळा तसाच होता.

थोड्या वेळाने एल्सा पेंगेलीचा आवाज आला. एल्सा विधवा, एकटी राहायची, दूर दक्षिणेला. तिच्या घरापाशी शेतं संपतात आणि मागे ग्रॅम्पियनचे डोंगर सरळ वर जातात. तिच्या खुराड्यापुढे दगडच. ती म्हणाली, "वॅल्मा, माझ्यावरून गेलं. खुराड्याचा पत्रा थरथरला, इतकं खाली. डोंगराकडे गेलं गं."

मी वॅल्माच्या तोंडाकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतेय. ती सायलो मोजत होती.

"अल्विन, कोणकोणते मोजलेस? नावानिशी सांग."

"नलाविन, डाल्सडॉर्फ, गेरप. हे काय आता?"

"डाल्सडॉर्फचा पाडला, अल्विन."

तिने बटण सोडलं नाही.

"तू तिथे होतास. सॉसेज खाल्लंस. नलाविननंतरचा होता तो गेरप. तू शेवटचा मोजलास तो त्याच्या पुढच्या गावचा. तू एक सायलो पुढे येऊन वळलायस, समोर डोंगर आहे, तू एल्साच्या पलीकडे आहेस. वळ."

"वॅल, मी बघितला तो. दुसरा सायलो मी डोळ्यांनी—"

"आधी वळ. मग भांड."

यानंतर जो वेळ गेला तो किती होता कुणाला विचारू नका. प्रत्येकीने वेगळा सांगितला. दारातल्या म्हाताऱ्या आजींपैकी एकीने जर्मनमध्ये 'आमच्या बापा' ही प्रार्थना सुरू केली, तिच्या आईने शिकवलेली, आणि दोघीतिघींनी खालच्या आवाजात साथ धरली. मीही माझ्या भाषेत हाक मारली. ऐकणारा एकच असावा, त्याला त्या दिवशी बऱ्याच भाषांतून एकच गोष्ट ऐकावी लागली. वॅल्मा गाडीच्या दाराला धरून उभी होती आणि बटणावर तिचा अंगठा होता, पण तिने ते दाबलं नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, वळताना माणसाला त्रास देऊ नये.

पुढे जे वर झालं ते थोराबाईंनी सांगितलं. अल्विनने विमान वर ओढत कलतं केलं. सगळं पांढरं, कुठे वर आणि कुठे खाली ते कळेना. त्याची नजर समोरच्या काट्यांवर अशी खिळली होती की डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने पापणी मिटली नाही. मग त्या पांढऱ्यात क्षणभर काळं दिसलं, बाजूलाच, आणि त्यात झाडं उभी होती. थोराबाई म्हणायच्या, "एका डोळ्यावर पट्टी होती ही देवाचीच दया. दोन्हींनी बघितलं असतं तर तिथेच संपले असते."

इकडे आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला कळलं ते एल्साकडून.

"परत गेलं माझ्यावरून! उलटं गेलं, वॅल्मा, उत्तरेला. अल्विन नोस्के, माझ्या कोंबड्या दोनदा घाबरवल्यास. अंडी बंद झाली तर तुझ्या दारात येऊन बसेन."

एक बाई हसली आणि हसता हसताच रडायला लागली. भोपळा मी तिच्या हातातून घेतला.

आता त्याला उतरवायचं कुठे हा प्रश्न होता. घरच्या पट्टीवर धुकं बसलेलं. अल्विनचा आवाज परत आला, पण आधीचा नव्हे, लहान झालेला. म्हणाला, पेट्रोल आहे अजून, पण फार फिरण्याइतकं नाही. वॅल, मला कुठेच काही दिसत नाही.

त्याने 'दिसत नाही' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

वॅल्माने विचारलं, कुणाकडे ऊन आहे का. पश्चिमेकडून गॉफ हेन्श्के म्हणाला, माझ्याकडे आहे. गॉफच्या जमिनीला लागून एक मोठं तळं आहे, म्हणजे तळं होतं, बरीच वर्षं कोरडं, मिठासारखं कडक. तो म्हणाला, "तळ्यावर स्वच्छ आहे. माझी सावली मला दिसतेय. मी मधोमध गाडी उभी करतो, दिवे लावून."

मग आमच्या बायकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. एल्सापासून गॉफच्या तळ्यापर्यंत जी जी घरं होती तिथली बाई आपापल्या अंगणात येऊन कान वर करून उभी राहिली. वॅल्माने नियम घालून दिला, आवाज डोक्यावर आला तरच बोलायचं. आणि एकेक आवाज येत गेला. एकीने सांगितलं, माझ्या पवनचक्कीवर आहे. दुसरी म्हणाली, माझ्या उजवीकडून जातोय, अल्विन, थोडा डावीकडे घे. एक धुणं वाळत घालायला निघालेली, तिने अख्ख्या विमेऱ्याला सांगितलं की मी ओले कपडे धरून उभी आहे, लवकर जा बाबा. वॅल्मा प्रत्येकीचं ऐकून अल्विनला फक्त दिशा सांगायची. तिचा स्वर चर्चमध्ये गाण्याचे क्रमांक सांगताना असतो तसा, सपाट.

शेवटी गॉफ. "ऐकू येतोय... दिसला. ढगातून बाहेर आला. मला बघितलंस का? बघितलं त्याने, पंख हलवतोय... खाली येतोय... टेकला. एकदा उडी मारली, पुन्हा टेकला. थांबला, वॅल्मा. उभा राहिला."

वॅल्माने बटण दाबून "आभारी आहे, गॉफ" म्हटलं आणि वायरलेस जागेवर ठेवला. मग चर्चच्या पायरीवर बसली. मी गोड चहाचा कप आणून तिच्या हातात दिला.

थोराबाई विमानातून उतरल्या त्या सगळ्यात आधी विमानाच्या आडोशाला गेल्या, आणि गॉफने सभ्यपणे डोंगराकडे तोंड केलं. मग त्याने दोघांना गाडीत घालून आणलं. थोराबाईंनी चर्चमध्ये शिरून आपला बाक तेवढा हाताने चाचपून बघितला आणि मग म्हणाल्या, भोपळे दरवर्षीपेक्षा लहान दिसतायत, की माझा डोळा?

अल्विन वॅल्मासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या बुटांना तळ्याचं मीठ लागलं होतं. तिने बूट बघितले. मग म्हणाली, "मेंढ्या परत पट्टीवर गेल्या असतील."

"मी तिथे होतो, वॅल. पाडताना. माझ्यासमोर पडला तो."

"होतास."

"मग मी मोजला कसा?"

वॅल्माने सरकून त्याला पायरीवर जागा करून दिली. "आपण सगळेच मोजतो रे त्याला," ती म्हणाली. "काल मीच एका मुलीला डाल्सडॉर्फच्या सायलोपाशी वळायला सांगितलं."

रविवारी तिने ऑर्गन वाजवला, एकही सूर न चुकता. अल्विन बाकावर बसला होता. त्याने गाण्याचं पुस्तक उघडलं आणि तसंच मांडीवर ठेवलं. पाद्री धान्याबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. विमानाचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, सगळी मागची बाकं त्याच्याच पाठीकडे बघत होती.

सोमवारी हवा काचेसारखी स्वच्छ झाली. नवरा-बायको गाडीने निघाले, ज्या ज्या घरातून आवाज आला होता त्या प्रत्येक घरी. मी दवाखान्याची औषधं पोचवायला त्यांच्याच गाडीत. मागे वॅल्माने भाजलेले केक होते, वर लोणी-साखरेचा चुरा घातलेले, प्रत्येक घराला एक. पण या लोकांचे आभार मानणं सोपं नाही. केक दिला की ते काकड्यांची बरणी आणतात, आभार मानले की गाडीत भोपळा ठेवतात. ओले कपडे धरून उभ्या असलेल्या बाईने तर मेंढीची अख्खी मांडी दिली आणि अल्विनला म्हणाली, पुन्हा वाट चुकलास तर सोमवारी चूक, माझं धुणं शनिवारी असतं. दुपारपर्यंत गाडीची मागची चाकं भाराने बसली. वॅल्मा म्हणाली, आभार मानायला निघालो आणि कर्ज घेऊन चाललो.

शेवटचं घर एल्साचं. तिने चहा दिला, केक कापला, आणि मग अल्विनला म्हणाली, ये, मागे चल. आम्ही सगळे खुराड्यापाशी गेलो. डोंगर तिथे उभा होता. आपण दुरून बघतो तेव्हा तो निळा असतो; तिथून तो तपकिरी होता, दगडातल्या भेगा दिसत होत्या, भेगांतली झुडपं दिसत होती. मान मागे टाकावी लागली.

अल्विन बराच वेळ बघत राहिला.

"इतका जवळ?" त्याने विचारलं.

"तो आहे तिथेच आहे," एल्सा म्हणाली. "तूच आला होतास."

त्याने तिचा हात हातात घेतला. आभारांचं वाक्य त्याने गाडीत तयार केलं असावं, कारण दोनदा तोंड उघडलं, पण ते बाहेर येईना. एल्साने हात सोडवून घेतला नाही. वॅल्मा कोंबड्यांकडे बघत उभी राहिली. मग अल्विनने वेगळंच विचारलं, "एल्सा, मी उडायच्या आधी सकाळी तुला फोन केला तर चालेल? डोंगर दिसतोय का, एवढंच सांग."

एल्सा म्हणाली, मी तशीही पहाटेपासून जागी असते, मला कोण फोन करतंय.

तेव्हापासून तसंच झालं. ॲडलेडला जायचं असलं की अल्विन आधी एल्साला फोन करायचा. ती दारात जाऊन बघून यायची, आणि मग त्याला कोंबड्यांपासून सुनेपर्यंत सगळं सांगायची. तो फोन कानाला लावून निमूट ऐकायचा. वॅल्मा म्हणायची, माझ्याशी जन्मात इतका वेळ बोलला नाही. पुढल्या महिन्यात थोराबाईंना डोळा दाखवायला न्यायचं होतं. एल्सा म्हणाली, नाही रे दिसत आज, सगळं पांढरं आहे. अल्विनने बरं म्हटलं आणि शेडमधून गाडी काढली. थोराबाईंना मागच्या बाकावर उशी दिली, वॅल्मा पुढे बसली, मांडीवर चहाचा थर्मास. अर्धा दिवस लागला पोचायला. थोराबाई परत आल्यावर मला म्हणाल्या, रस्ताभर दोघं भांडत होते, कुठे वळायचं यावरून. मला फार छान झोप लागली.